तक्रार नसलेला वॉर्ड

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला इतकी वर्षं चालली आहे, त्यांचा जन्म सार्वजनिक आरोग्याच्या कामात गेला. आयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा मीही सरकारी आरोग्यसेवेतलाच एक प्रश्न घ्यायचं ठरवलं. मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. नोकरीचा बराचसा काळ मनोरुग्णालयांच्या वॉर्डांत गेला. आजचा माझा प्रश्न असा आहे: मनोरुग्णालयात दाखल असलेल्या माणसाला तिथं मिळणाऱ्या मानसिक उपचारांबद्दल काय वाटतं, हे आपल्याला कळणार कसं?

मानसिक उपचार म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं काय आहे, तेही सांगते. औषधं आणि शॉक वगळले की वॉर्डात जे उरतं ते सगळं. समुपदेशन आलं, गटचर्चा आली, घरच्यांबरोबरची बैठक आली, आजार समजावून सांगणं आलं. सिस्टर, मामा, मावशी पेशंटला ज्या सुरात हाक मारतात, तो सूरही त्यात आला. या गोष्टी केस पेपरवर फारशा दिसत नाहीत, पण माणूस घरी गेल्यावर बोलतो ते यांच्याबद्दलच.

आणि माझं म्हणणंही आडपडदा न ठेवता आधीच मांडते. ज्या वॉर्डाच्या दाराची किल्ली पेशंटकडे नसते, तिथं ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबता येत नाही. आधी बिनधास्त तक्रार करता आली पाहिजे. समाधानाचे आकडे त्यानंतर काढावेत.

खिडकीवरचा कागद

आपल्या राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यांच्या मंजूर खाटा बरीच वर्षं साडेपाच हजारांच्या पुढं होत्या, त्यातल्या २५४० एकट्या येरवड्याच्या. शिवाय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आहेत, खासगी रुग्णालयं आहेत. अलीकडं यातल्या बऱ्याच ठिकाणी रुग्णांचा अभिप्राय घ्यायची पद्धत पडली आहे, आणि ती पडली हे चांगलंच झालं. पण तो अभिप्राय घेतला कसा जातो ते बघा.

डिस्चार्जचा दिवस. दुपारची वेळ, कागदपत्रांच्या खिडकीशी गर्दी. भावाच्या एका हातात डिस्चार्ज कार्ड, दुसऱ्या हातात महिन्याभराच्या गोळ्यांची पिशवी, आणि चारची एसटी गाठायची घाई. खिडकीतून एक कागद बाहेर येतो. स्वच्छता, जेवण, डॉक्टरांची वागणूक, परिचारिकांची वागणूक, एकूण समाधान. प्रत्येकापुढं पाच चौकोन. ‘इथं टिक करा आणि खाली सही.’ पेन सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधलेलं. भाऊ पाचही ओळींत ‘उत्तम’वर खूण करतो, सही करतो, मोकळा होतो. ज्या बहिणीला तो घरी न्यायला आलाय, ती दोन पावलांवर बाकावर बसलेली असते. तिला कुणी काही विचारत नाही. महिनाअखेरीस अशा कागदांची बेरीज होते आणि अहवालात ती ‘रुग्णांचं समाधान’ या मथळ्याखाली जाते.

यात कुणाची लबाडी नाही. खिडकीतल्या माणसाला कागद भरून घ्यायचाय, भावाला गाडी पकडायचीय. पण वॉर्डात राहिली ती बहीण आणि उत्तर दिलं भावानं. तेही सुटकेच्या आनंदात, रुग्णालयाच्याच माणसासमोर. आणि विचारलं काय, तर चांगलं की वाईट. नेमकं काय घडलं, हे कुणी विचारलंच नाही.

सगळे समाधानी कसे?

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९७९ साली लार्सन, ॲटकिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवार्थींचं समाधान मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचं आठ प्रश्नांचं रूप पुढं जगभर गेलं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, म्हणजे गुण आठ ते बत्तीस. सुटसुटीत आणि नीट तपासलेली प्रश्नावली आहे. पण ती वापरणाऱ्यांना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते, की उत्तरं वरच्या टोकाला गर्दी करतात. चांगला वॉर्ड आणि बरा वॉर्ड यांत मग फरकच उरत नाही.

असं का होतं, याचा शोध ब्रिटनमध्ये ब्रायन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी घेतला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या लोकांच्या सविस्तर मुलाखती होत्या. कागदावर ‘समाधानी’ अशी खूण करणारी माणसं बोलायला लागली की कटू अनुभव बाहेर पडायचे. त्यांनी खोटं लिहिलं होतं असं नाही. लोक मनातल्या मनात दोन हिशेब करतात. एक, ही गोष्ट करणं समोरच्याचं कर्तव्य होतं का? दोन, ती झाली नसेल तर दोष त्याचा होता का? दोन्हीपैकी एकाचं उत्तर ‘नाही’ आलं की माणूस वाईट अनुभव बाजूला ठेवतो आणि सेवेला पूर्ण गुण देतो. आपल्या वॉर्डात हा हिशेब रोज कानावर पडतो. ‘सिस्टर एकटी, पेशंट एवढे, ती तरी बिचारी काय करणार?’ किंवा ‘सरकारी दवाखाना आहे, फुकटात अजून काय पाहिजे?’ बोलणाऱ्याचा मोठेपणा यात दिसतो, पण वॉर्डात काय उणं आहे ते दिसत नाही.

त्यात परावलंबन. सासूसमोर नव्या सुनेला ‘इथं काही त्रास नाही ना गं?’ असं विचारल्यावर जे उत्तर येतं, तेच राउंडला येतं. पलंगाशी डॉक्टर उभे, बाजूला निवासी डॉक्टर, हातात फाइल घेतलेली सिस्टर. झोप लागते का? जेवण जातं का? आवाज येतात का? काही त्रास? ‘नाही साहेब. साहेब, घरी कधी सोडणार?’ या माणसाला पक्कं ठाऊक आहे की सोडायचं की नाही हे समोरचेच ठरवणार. तो कशाला त्रास सांगेल?

विचारतो कोण?

उत्तर बदलायला प्रश्न विचारणारा बदलला तरी पुरतं. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअॅट्रीमध्ये सेवा घेणाऱ्यांनी चालवलेला एक संशोधन गट उभा राहिला. डायना रोझ त्यातल्या एक. त्यांनी स्वतः मानसिक आजाराचे उपचार घेतलेले. शॉक उपचारांबद्दल रुग्णांचं मत काय, या विषयावर तोवर झालेले अभ्यास रोझ आणि सहकाऱ्यांनी गोळा केले आणि २००३ साली त्यांचा आढावा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासांत रुग्ण बरेच समाधानी होते. रुग्णांनी किंवा त्यांच्या संघटनांनी केलेल्या अभ्यासांत तेवढे नव्हते. उपचारांनंतर लगेच, रुग्णालयातच, उपचार करणाऱ्यानंच विचारलं की मत चांगलं यायचं. नंतर, दुसऱ्या कुणी, सवडीनं विचारलं की स्मरणशक्तीच्या तक्रारी पुढं यायच्या.

शॉक देऊ नये असं मी म्हणत नाही. योग्य पेशंटला, भूल देऊन, नीट समजावून दिलेल्या या उपचारानं माणसं सावरलेली मी पाहिली आहेत. मुद्दा प्रश्न विचारण्याचा आहे. या गटानं पुढं वॉर्डात राहिलेल्या लोकांबरोबर बसून अंतर्रुग्णसेवेबद्दलची एक प्रश्नावली तयार केली. काय विचारायचं हेसुद्धा त्या लोकांनीच ठरवलं. दाखल करताना कसं वागवलं, औषधांबद्दल सांगितलं का, सिस्टरना बोलायला वेळ होता का, दिवसभर करायला काही होतं का. डॉक्टरांच्या प्रश्नावल्यांत या गोष्टी शेवटी येतात, कधी येतही नाहीत.

दुसरा एक धागा अमेरिकेतला. मॅकआर्थर फाउंडेशनच्या मदतीनं १९९०च्या दशकात सक्तीनं दाखल करण्यावर मोठं संशोधन झालं. कायद्यानं मर्जीविरुद्ध दाखल झालेल्या प्रत्येकाला सारखीच जबरदस्ती वाटते का? तर नाही. दाखल करताना आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, आपल्याशी आदरानं आणि सरळपणानं वागलं गेलं, असं ज्यांना वाटलं त्यांना जबरदस्तीची भावना कमी होती. धमकी आणि बळानं ती वाढली, समजूत घालण्यानं वाढली नाही. निर्णय मनाविरुद्ध गेला तरी माणूस तो सोसतो. आपल्याला मोजलंच नाही, हे त्याला सोसत नाही.

मला एक महिला वॉर्ड आठवतो. तिथल्या एक बाई रोज राउंडला एकच विचारायच्या, ‘माझं मंगळसूत्र कुठंय?’ नोंदीत रोज तेच: ‘तोच तोच प्रश्न विचारते.’ सगळ्यांनी तो आजाराचाच भाग धरला होता. एका दुपारी एका सिस्टरनं कार्यालयातली नोंदवही काढून आणली. दाखल होताना उतरवलेले दागिने सीलबंद पाकिटात ठेवले होते, त्याचा क्रमांक होता, बाईंच्या दिराची सही होती. सिस्टरनं बाईंशेजारी बसून ओळीवर बोट ठेवून ते वाचून दाखवलं. दहा मिनिटं लागली असतील. बाईंचे भास काही थांबले नाहीत, पण तो प्रश्न थांबला, आणि त्या आठवड्यात त्या पहिल्यांदा गटचर्चेत येऊन बसल्या. या दहा मिनिटांना केस पेपरवर रकाना नाही. मानसिक उपचार मात्र तोच होता.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ रुग्णालयात १९५५-५६ मध्ये वर्षभर निरीक्षणं केली आणि १९६१ साली ‘असायलम्स’ हा ग्रंथ लिहिला. बंदिस्त संस्थेत माणसाची साधी कुरकुरसुद्धा आजाराचं लक्षण म्हणून कशी वाचली जाते, ते त्यांनी दाखवलं. तक्रार केली की ‘चिडचिड वाढली’. गप्प बसला की ‘पेशंट शांत आहे’. अशा ठिकाणी शहाणा माणूस गप्प बसायचंच निवडेल.

कायदा आहे, पण

आपल्याकडं मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातलं २० वं कलम एकदा सगळ्यांनी वाचावं. सक्तीनं मुंडण करायचं नाही. रुग्णालयाचा गणवेश लादायचा नाही, इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे. काम करून घेतलं तर मोबदला द्यायचा. कायद्यात हे लिहावं लागलं, यावरूनच आधी काय चालत होतं ते समजा. ९७ व्या कलमानं एकांतकोठडी बंद केली. बांधून ठेवण्याला कडक अटी घातल्या आणि शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून कुणाला बांधता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. २८ वं कलम सेवेतल्या त्रुटींबद्दल तक्रारीचा हक्क देतं. आधी रुग्णालयाच्या प्रमुखाकडं, तिथं समाधान झालं नाही तर पुनर्विलोकन मंडळाकडं, त्याच्याही वर राज्य प्राधिकरणाकडं.

हे कलम वॉर्डाच्या भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावलेलं किती ठिकाणी दिसेल? आणि लावलं असलं, तरी ज्याच्याकडं फोन नाही, कागद नाही, पेन सिस्टरच्या टेबलावर आहे, त्यानं तक्रार करायची कशी?

इथं कुटुंबाचा विषय येतो, आणि तो आपल्याकडं पाश्चात्त्य देशांहून वेगळा आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून पेशंटच्या घरच्यांना सोबत राहायला बोलावलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही घरचं माणूस सोबत राहायची रीत १९५० च्या दशकापासूनच आहे. घरच्यांना आजार समजला, त्यांची भीती गेली, तर पेशंट लवकर घरी जातो, हे त्यांनी करून दाखवलं. मनोरुग्णसेवेला भारताकडून मिळालेली ही मोठी देणगी आहे. पण सोबत राहणं वेगळं आणि त्याच्या वतीनं बोलणं वेगळं. घरच्यांना रात्रीची झोप परत मिळाली म्हणून ते समाधानी असतात, आणि ते रास्तच आहे. पेशंटला मात्र दिवसभर गुंगी असते, त्यानं तो वैतागलेला असतो. दोघांचं म्हणणं घ्या, पण एकाची सही दुसऱ्याच्या नावावर जमा करू नका.

आणि ज्यांना न्यायला कुणी येतच नाही त्यांचं काय? द हंस फाउंडेशननं २०१९ साली एक देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. ४३ सरकारी मनोरुग्णालयांतल्या रुग्णांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त लोक वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तिथंच राहत होते. डिस्चार्जच्या खिडकीवरचा कागद या माणसांपर्यंत पोचणारच नाही, कारण ती खिडकीपर्यंत पोचत नाहीत. ज्यांना वॉर्डाबद्दल सर्वांत जास्त माहिती आहे, नेमके तेच समाधानाच्या आकड्यातून गळतात.

मग करायचं काय?

उत्तर फार दूर शोधायला नको. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘क्वालिटीराइट्स’ हा उपक्रम गुजरातमधल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थांमध्ये राबवला गेला. त्यात पुण्याच्या आयएलएस संस्थेतल्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राचा मोठा वाटा होता. त्याचं मूल्यमापन २०१९ साली प्रसिद्ध झालं. कर्मचाऱ्यांना हक्कांचं प्रशिक्षण दिलं, सुधारणेच्या योजना आखल्या, आणि बारा महिन्यांत सेवेचा दर्जा सुधारला. कर्मचाऱ्यांच्या दृष्टिकोनात ठळक बदल झाला. रुग्णांचं समाधानही वाढलं, पण अगदी थोडं. काहींना ही निराशेची बाब वाटेल. मला ती खरी वाटते. आपले हक्क कळलेला माणूस अधिक मागतो, मग समाधानाचा आकडा उड्या कसा मारेल? म्हणून एकट्या त्या आकड्यावर सुधारणेचा निकाल लावता येत नाही.

माझ्या सूचना साध्या आहेत. विचारणारा वॉर्डाच्या हजेरीपटावरचा नसावा. पूर्वी इथं राहून गेलेली, बरी झालेली माणसं प्रशिक्षण देऊन, मानधन देऊन या कामाला घ्यावीत. विचारायचं पेशंटलाच, नातेवाइकांचा कागद वेगळा. एकदा वॉर्डात असताना आणि एकदा घरी जाऊन स्थिरावल्यावर. जे वर्षानुवर्षं वॉर्डात आहेत त्यांना दर सहा महिन्यांनी.

आणि प्रश्न ‘कसं वाटलं’ असा नको, ‘काय झालं’ असा हवा. गेल्या आठवड्यात कुणी तुमच्याशी बाजूला बसून बोललं का? तुमच्या आजाराचं नाव तुम्हाला सांगितलं का? कुठली गोळी कशासाठी आणि तिनं काय त्रास होऊ शकतो, हे सांगितलं का? घरी जायला काय व्हायला हवं, ते तुम्हाला ठाऊक आहे का? घरी फोन करता आला का? अंगावरचे कपडे तुमचे आहेत का? तुम्हाला कधी बांधलं का, आणि नंतर त्याबद्दल कुणी तुमच्याशी बोललं का? तक्रार केलीत का, आणि केल्यावर काय झालं? या प्रश्नांना भिडेनं ‘उत्तम’ म्हणता येत नाही. हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि ‘नाही’ आलं की काय दुरुस्त करायचं ते कळतं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, ज्याला भास होतात त्याच्या सांगण्यावर विश्वास काय ठेवायचा? आजार माणसाची सगळीच समज एकदम नेत नाही. आमटी पातळ होती, रात्री दिवा जळत ठेवला होता, सिस्टर ओरडल्या, हे त्याला कळतं. शंका असेल तर पडताळून पाहा. मंगळसूत्राची नोंद वहीत होतीच. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो खरा आहे. आपल्या देशात लाख लोकांमागं एकही मनोविकारतज्ज्ञ पडत नाही, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ तर त्याहून विरळ. जागा भरा ही मागणी आपण सोडू नये. पण सगळंच माणसांच्या संख्येवर अडलेलं नाही. ब्रिटनमध्ये लेन बोवर्स यांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत तपासून पाहिली. नियम दोन्ही बाजूंनी मिळून ठरवणं, नकार द्यायचा तर सौम्य शब्दांत देणं, कर्मचारी आणि पेशंट यांनी एकमेकांची थोडी ओळख करून घेणं, अशा त्यातल्या गोष्टी. २०१५ साली आलेल्या निष्कर्षांनुसार वॉर्डातले खटके सुमारे १५ टक्क्यांनी आणि बांधणं, कोंडणं, बळजबरीनं औषध देणं असे प्रकार सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी जादा माणसं भरावी लागली नव्हती.

शेवटची सूचना अधीक्षकांसाठी. महिन्याच्या बैठकीत तक्रारींचा आकडा शून्य आला की आज टाळ्या पडतात. यापुढं अशा महिन्यात चौकशी लावावी. तक्रारपेटी कुठं टांगली आहे, तिची चावी कुणाकडं आहे, मागच्या वेळी ज्यानं चिठ्ठी टाकली त्याच्या बाबतीत पुढं काय झालं, हे विचारावं. वॉर्डातून दहा तक्रारी आल्या, त्यातल्या सहांचं निराकरण झालं आणि चारांचं का झालं नाही ते फळ्यावर लिहिलं, तर तो वॉर्ड बरा चालला आहे असं मी म्हणेन. तिथल्या माणसांनी ‘आम्ही समाधानी आहोत’ असं सांगितलं, तर त्यावर माझा विश्वास बसेल.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत. आता प्रश्न विचारा, आणि माझं काही पटलं नसेल तर तेही स्पष्ट सांगा.